निळ्या रेषेतले घर आणि लंडनची फी

हे प्रकरण २०२२ च्या फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांतले. मुलीचे नाव इथे सायली ठेवले आहे, घरातल्या कुणाचेही खरे नाव दिलेले नाही आणि रकमा हजारात पूर्ण केल्या आहेत. मी राष्ट्रीयीकृत बँकेत होतो, शेवटची अकरा वर्षे कर्जविभागात. निवृत्तीनंतर शैक्षणिक कर्जाचे कागद पिशवीत घालून लोक घरी येतात, त्यातलेच हे एक कुटुंब. मी त्यांचा सल्लागार होतो म्हणणे जास्त होईल. त्यांच्या बैठकीत मला एक खुर्ची मिळाली होती, इतकेच. एका ठिकाणी माझा सल्ला चुकला, तोही लिहिला आहे.

पार्श्वभूमी

सायलीचे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडतीवर दिवाणजी. पगार २८ हजार. आई पतसंस्थेत, १७ हजार. धाकटा भाऊ ओंकार तेव्हा बारावीत. घरात आजी. घर दुमजली, नदीपासून चालत दहा मिनिटांवर, वडील आणि मिरजेच्या काकांच्या सामाईक नावावर.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. या घराचा खालचा मजला पाच दिवस पाण्यात होता. पाणी ओसरल्यावर आजीने भिंतीवरच्या ओलीच्या कडेने शिसपेन्सिलीने एक रेघ ओढली आणि शेजारी तारीख लिहिली. रेघ विजेच्या बोर्डाच्या वीतभर वर आहे.

सायली त्या वेळी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रकल्पासाठी तिने आरसीसीचा विषय घेतला होता, तो टाकून पुराचा घेतला. २०२० च्या सप्टेंबरमध्ये पुण्यातल्या एका सल्लागार कंपनीत लागली. काम नद्यांच्या पूररेषा आखण्याचे: नदीचे आडवे छेद, पावसाची आकडेवारी, हेक-रास नावाच्या सॉफ्टवेअरवर मॉडेल चालवायचे आणि नकाशावर दोन रेषा काढायच्या. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध क्षेत्र, निळी आणि लाल यांमधला नियंत्रित. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढले, तेव्हा ती पुण्यात बसून घरी फोनवर पातळी सांगत होती आणि आई जिन्यावरून गाद्या वर नेत होती.

वर्ष उलटले तसे तिला कळले, की मॉडेल चालवता येते, पण मॉडेल चुकले तर ते का चुकले हे सांगता येत नाही. त्यासाठी पुढे शिकायला हवे होते.

पेच

अर्ज तिने दोन दिशांना केले. एक लंडनच्या नामवंत विद्यापीठात, जागतिक क्रमवारीत पहिल्या दहात असलेल्या, जलशास्त्राच्या एका वर्षाच्या एम.एस्सी.साठी. दुसरा इरॅस्मस मुंडसखाली. ही युरोपीय संघाची २००४ पासूनची योजना आहे. वेगवेगळ्या देशांतली विद्यापीठे मिळून एक अभ्यासक्रम चालवतात, विद्यार्थी सत्रागणिक देश बदलतो. शिष्यवृत्ती मिळाली तर फी पूर्ण माफ आणि महिना १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. विमान, व्हिसा, राहणे, खाणे सगळे त्या १,४०० मध्येच. सायलीचा अभ्यासक्रम पुराच्या जोखमीचा, दोन वर्षांचा, जर्मनीत सुरू होऊन नेदरलँड्स, मग स्पेन आणि स्लोव्हेनिया असा फिरणारा.

फेब्रुवारीत लंडनचे पत्र आले. मामांनी पुण्याहून पेढे पाठवले. आजीने देवापुढे ठेवून सगळ्या गल्लीत वाटले. म्हणजे निर्णय व्हायच्या आधीच गल्लीचा निर्णय झाला होता.

१८ मार्चला इरॅस्मसचे उत्तर आले, ते अर्धवट: प्रवेश आहे, पण शिष्यवृत्तीसाठी राखीव यादीत, सहावा क्रमांक. वरच्यांपैकी कुणी नकार दिला तर यादी पुढे सरकणार. कधी, ते कुणालाच सांगता येत नव्हते. आणि लंडनची जागा धरून ठेवायची तर २० एप्रिलपर्यंत २,००० पौंड ठेव भरायची होती, परत न मिळणारी.

समोरचे पर्याय

पहिला लंडनचा. तेव्हा पौंड १०० रुपयांच्या आसपास होता, म्हणून हिशेब सोपा झाला. फी ३४ हजार पौंड म्हणजे ३४ लाख. वर्षभर राहण्याखाण्याचे साडेचौदा लाख. व्हिसा आणि तिथल्या आरोग्यसेवेचा अधिभार मिळून लाखभर. विमान, लॅपटॉप, थंडीचे कपडे दीड लाख. एकूण ५१ लाख. घरात ठेवी मोडून नऊ लाख निघत होते. बाकी ४२ लाखांचे कर्ज.

दुसरा इरॅस्मसचा, शिष्यवृत्ती आली तर. २४ महिन्यांचे ३३,६०० युरो, तेव्हाच्या ८२ रुपयांच्या भावाने साडेसत्तावीस लाख. फी शून्य.

तिसरा आपल्याकडचा. तिच्याकडे गेट या एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेचा वैध स्कोअर होता. एम.टेक.ला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते आणि रुरकीच्या आयआयटीतल्या जलशास्त्र विभागाचे नाव या क्षेत्रात भारतात आधी घेतले जाते. हा पर्याय बैठकीत फक्त एकदा निघाला, तोही मी काढला म्हणून. लंडनचे पेढे वाटून झाल्यावर रुरकी कुणाच्या घशाखाली उतरणार?

चौथा वर्षभर थांबण्याचा. चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती लंडनचा सगळा खर्च उचलते, पण अर्जाच्या वेळी २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये अर्जाची मुदत संपली तेव्हा सायलीचे सुमारे चारशे तास कमी पडत होते. पुढच्या वर्षी ती बसू शकली असती. पण ती जगभरच्या स्पर्धेची शिष्यवृत्ती, मिळेलच असे नाही, आणि हातातले पत्र सोडून थांबायला घरात कुणी तयार नव्हते.

इथे एक गोष्ट नोंदवायची आहे. लंडनचा अर्ज पुण्यातल्या एका एजन्सीमार्फत गेला होता. सेवा मोफत. परदेशातली बरीच विद्यापीठे अशा एजन्सींना दर प्रवेशामागे कमिशन देतात, त्यामुळे मोफत सेवेचा खर्च फीमधूनच निघतो. इरॅस्मसमध्ये तसला प्रकार नाही. एजन्सीतल्या मुलीने सायलीला जवळजवळ रोज फोन केला, आणि त्या फोनमध्ये इरॅस्मसचा उल्लेख ‘ते युरोपचं फिरतं कोर्स’ असाच होता. यात तिची लबाडी होती असे मी म्हणत नाही. तिचे काम ते होते. पण घरच्यांना ती तटस्थ सल्लागार वाटत होती, आणि मला वाटते पहिले दोन महिने त्यातच गेले.

व्हॅल्युअर आला तो दिवस

शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेले की बँक तेव्हा सहसा तारण मागे. तारण एकच होते, हे घर. घरच्यांच्या मते किंमत ६५ लाख. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, आला. मीही गेलो होतो. लेसरच्या यंत्राने खोल्या मोजल्या, गच्चीवर जाऊन आला, आजीने चहा दिला. चहा पिताना त्याने सहज विचारले, ‘आजी, पाणी कुठपर्यंत आलं होतं?’

आजी उठल्या. ‘हितपातूर आलंतं बघा,’ म्हणाल्या आणि त्या रेघेवर बोट ठेवले. तीन वर्षांत आल्यागेल्याला त्यांनी ती रेघ कौतुकाने दाखवली होती, तशीच याही माणसाला दाखवली. त्याने मोबाईलवर फोटो काढला, रेघेचा आणि तारखेचा.

सायली शेजारीच उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला. त्या माणसाच्या बॅगेत नदीच्या पूररेषेचा नकाशा होता आणि तो कसा वाचायचा हे त्या खोलीत तिच्याइतके कुणालाच कळत नव्हते. तो नकाशा काढणाऱ्यांपैकीच ती होती.

अहवालात किंमत आली ४१ लाख. शेरा होता: मालमत्ता निळ्या रेषेच्या आत. म्हणजे पुढे बांधकाम वाढवता येणार नाही, विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक कमी. बँकेने सांगितले की अख्खे घर तारण द्या, काकांची सही आणा, वर दोघांच्या विमा पॉलिसी बँकेच्या नावे करा, मग बघू.

काका रविवारी आले. वाईट माणूस नाही. म्हणाले, ‘सही करतो दादा, त्यात काय. पण उद्या ओंकारला लागलं, माझ्या पोराला लागलं, तर हेच घर किती वेळा गहाण ठेवायचं?’ याला कुणाकडे उत्तर नव्हते. वडील बराच वेळ गप्प होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘साहेब, तुम्हीच सांगा ओ, महिन्याला काय बसतंय?’

निर्णयाचे क्षण

मी कागदावर मांडले. ४२ लाख, व्याज ९ टक्के. शिक्षणाचे एक वर्ष आणि पुढचे एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चढत राहते. रक्कम टप्प्याटप्प्याने उचलली जाते हे धरून दोन वर्षांनी मुद्दल अधिक व्याज साडेअठ्ठेचाळीस लाखांवर जाते. दहा वर्षांत फेडायचे तर महिना ६१ हजार, पंधरा वर्षांत फेडायचे तर ४९ हजार. दर तरता, म्हणजे वाढूही शकतो.

सायलीचा तेव्हाचा पगार ३१ हजार. परत येऊन पुण्यात लागली तर हातात ५० हजारांच्या आसपास मिळतील असा तिचाच अंदाज. म्हणजे भारतात परतायचे असेल तर हे कर्ज पगारातून फिटत नाही. ते फेडायला तिला ब्रिटनमध्येच नोकरी लागायला हवी होती, तीही व्हिसा देणारी, आणि पहिल्या दीड-दोन वर्षांत. घरात तोवर चर्चा ‘कोणते विद्यापीठ मोठे’ यावर चालली होती. त्या कागदानंतर ती ‘परत यायची मुभा हवी की नको’ यावर आली. माझ्या दृष्टीने या प्रकरणातला हा पहिला खरा वळणबिंदू.

दुसरे काम सायलीने स्वतः केले, आणि ते मला सुचले नसते. ऑफिसात ज्या पूर-अहवालांवर ती काम करायची, कृष्णेच्या २०१९ च्या पुरावरच्या वडनेरे समितीच्या अहवालापासून ते खासगी सल्लागारांच्या अहवालांपर्यंत, त्यात ज्यांची नावे यायची ती माणसे कुठे शिकली हे तिने आठवडाभर शोधले. आयुष्यभर ज्यांच्यासोबत काम करायचे ते लोक कुठले, हे तिला पाहायचे होते. रुरकी सगळ्यात जास्त वेळा आले. त्याखालोखाल डेल्फ्ट. लंडनचे ते विद्यापीठ एकदाच.

डेल्फ्ट हे नेदरलँड्समधले लहान शहर, आणि तिच्या अभ्यासक्रमातली एक संस्था तिथली. १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्राचे बांध फुटून त्या देशात १,८३६ माणसे गेली. त्यानंतर चार वर्षांनी, १९५७ मध्ये, तिथे परदेशी अभियंत्यांसाठी पाण्याच्या शिक्षणाची ही संस्था सुरू झाली. आमच्या गल्लीत हे नाव कुणी ऐकलेले नव्हते. सायलीच्या साहेबांना तिने विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘डेल्फ्ट मिळतंय आणि तू विचारतेस?’

हे सगळे ठीक, पण शिष्यवृत्ती हातात कुठे होती? राखीव यादी जागची हलत नव्हती. आणि २० एप्रिल जवळ आला.

तिसरा क्षण हा, आणि इथे मी चुकलो. ‘राखीव यादीच्या भरवशावर हातातली जागा घालवू नका, ठेव भरा,’ असे मी सांगितले. बँकेतल्या सवयीने मी फक्त धोका मोजला. १८ एप्रिलला दोन लाख रुपये गेले. सोळा दिवसांनी, ४ मेला, संध्याकाळी सातच्या सुमारास मेल आला: शिष्यवृत्ती मंजूर, दहा दिवसांत होकार कळवा.

खरा घोळ त्यानंतर झाला. दोन लाख भरून बसल्यामुळे घरच्यांना लंडन सोडणे जड जाऊ लागले. वडिलांच्या तोंडी तेच. ‘दोन लाख बुडवायचे?’ अडतीवर आयुष्य काढलेला माणूस. विसार दिला की माल उचलायचा, ही तिथली रीत. मामांचा फोन आला: दोन लाखांसाठी नाही, नावासाठी सांगतो, लंडनचा शिक्का जन्मभर पुरतो. आईने पहिल्यांदाच मत दिले ते तेव्हा. त्या पतसंस्थेत थकीत कर्जाची यादी टाईप करतात. म्हणाल्या, ‘दोन लाख गेलेत, ते लंडनला गेलं तरी गेलेतच. मला त्या यादीत आपलं नाव टाईप करायचं नाही.’

आठव्या दिवशी सायलीने होकार कळवला. लंडनला नकाराचे पत्र तिने रात्री अकराला लिहिले आणि सकाळी सहाला पाठवले. मधल्या सात तासांबद्दल मी तिला कधी विचारले नाही.

प्रत्यक्षात काय करावे लागले

‘पूर्ण शिष्यवृत्ती’ म्हणजे खिशातून काही नाही, हा समज पहिल्या महिन्यात गेला. पैसे तिथे पोहोचून बँकेत खाते उघडल्यावर येणार. तोवर व्हिसा, तिकीट, खोलीची अनामत आणि दीड महिन्याचे खाणे, असे पावणेतीन लाख आधी लागले. आईने पाटल्या ठेवून स्वतःच्याच पतसंस्थेतून सोनेतारण कर्ज काढले. चौदा महिन्यांत सायलीने ते विद्यावेतनातून फेडले.

सत्रागणिक देश बदलणे कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात दर सहा महिन्यांनी नवी खोली, नवा करार, नवी अनामत. जर्मनीत ३०० युरोत निभावले, डेल्फ्टला घरांची टंचाई इतकी की ६९० युरो देऊनही स्वयंपाकघर सामाईक. दोन बॅगांत बसेल तेवढेच सामान ठेवायला ती शिकली. कुकर मात्र चारही देशांत फिरला.

पहिले सत्र ड्रेस्डेनला, एल्बे नदीच्या काठी. पहिल्याच आठवड्यात तिने आजीला एक फोटो पाठवला. भिंतीवर पुराच्या खुणा, प्रत्येकीपुढे साल. २००२ च्या ऑगस्टात तिथे नदी ९.४० मीटरवर गेली होती, ती खूण सगळ्यात वर. आजींनी फोटो मोठा करून पाहिला आणि विचारले, ‘तिकडं बी बायकाच रेघा मारत्यात का गं?’

निष्पत्ती

सायली सप्टेंबर २०२४ मध्ये उत्तीर्ण झाली. प्रबंध डेल्फ्टला, विषय धरणातून सोडलेले पाणी आणि खालच्या गावांना मिळणारी आगाऊ सूचना. शिलकीत चार हजार युरो होते.

नेदरलँड्समध्ये पदवीनंतर नोकरी शोधायला एक वर्षाचा परवाना मिळतो, इरॅस्मस मुंडसवाल्यांनाही. तो तिने घेतला. तिथल्या पाण्याच्या कारभाराची बरीच कामे स्थानिक जलमंडळांकडे, आणि तिथे डच भाषा यावीच लागते. सहा महिन्यांत दोन ठिकाणी शेवटच्या मुलाखतीपर्यंत गेली, दोन्हीकडे राहून गेले. मार्च २०२५ मध्ये ती परत आली आणि पुण्यात पूरपूर्वानुमानाच्या कामावर लागली. हातात ८८ हजार. त्यात कृष्णेचे खोरेही आहे.

हे यश म्हणायचे का, यावर घरात दोन मते आहेत. मामा अजून म्हणतात की लंडनला गेली असती तर आज तिकडेच असती. असेलही. सायलीनेही एकदा मला सांगितले, की लंडनच्या वर्गातली मुले ज्या कंपन्यांत लागली त्या कंपन्यांची नावे पाहून पोटात कालवाकालव होते. नामवंत ठिकाणचा गोतावळा पुढे कामाला येतो, तो तिला मिळाला नाही, आणि लंडनच्या एका वर्षाऐवजी दोन वर्षे गेली, म्हणजे एका वर्षाचा पगारही गेला. हा तोटा खरा आहे आणि हिशेबात धरायला हवा.

दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही पाहावे लागते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, ज्याला बँकांचे तरते व्याजदर जोडलेले असतात, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. ते कर्ज घेतले असते तर ९ चे साडेअकरा झाले असते आणि ४९ हजारांचा हप्ता साडेछप्पन हजारांवर गेला असता. ब्रिटनने एप्रिल २०२४ मध्ये कुशल कामगार व्हिसासाठीची किमान पगाराची अट २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर नेली. नव्याने लागणाऱ्यांना सवलत आहे, तरी त्यांनाही ३०,९६० लागू लागले. सायलीच्या बरोबरीने लंडनला गेलेली मुले नेमकी त्याच सुमाराला नोकरी शोधत होती. यातले काहीही एप्रिल २०२२ मध्ये आम्हाला ठाऊक नव्हते, त्यामुळे ‘बघा, आमचे बरोबर ठरले’ असे म्हणण्याचा मला हक्क नाही. दर उलटे गेले असते तर हाच कागद वेगळा दिसला असता. मात्र ज्या गोष्टी आपल्या हातात नाहीत त्यांच्यावर घर टांगलेले नव्हते, हे तेव्हाही दिसत होते.

एक विरुद्ध उदाहरणही द्यायला हवे. त्याच वर्षी माझ्याकडे आलेल्या एका मुलाला मी कर्ज काढायला सांगितले. संगणकशास्त्र, घर कोल्हापुरात पूररेषेच्या बाहेर, एकट्या वडिलांच्या नावावर, आणि मोफत जे मिळत होते ते त्याच्या कामाचे नव्हते. त्याचे कर्ज निम्मे फिटले आहे. सायलीचा निर्णय त्याला लावला असता तर तो चुकला असता.

वेगळे काय करता आले असते

ठेवीची मुदत वाढवून मागायला हवी होती. साधा मेल: दुसऱ्या शिष्यवृत्तीचा निकाल बाकी आहे, तीन आठवडे द्या. तिच्या वर्गातल्या दोन मुलांना वेगवेगळ्या विद्यापीठांनी अशी मुदत दिली होती, हे तिला नंतर कळले. आम्हाला विचारावेसेच वाटले नाही. दोन लाखांचे जाऊ द्या, पण त्या दोन लाखांनी पुढचे आठ दिवस घर वेठीला धरले, ते टळले असते.

घराची किंमत अर्जाच्या आधी काढून घ्यायला हवी होती. स्वतंत्र व्हॅल्युअर पाच-सात हजारांत अहवाल देतो. पूररेषेचा शेरा नोव्हेंबरमध्येच समोर आला असता तर लंडनचा विचार किती ताणायचा हे आधीच ठरले असते. कर्जविभागात अकरा वर्षे काढलेल्या माणसाला हे आधी सुचायला हवे होते.

काकांना शेवटी बोलावले. सामाईक घर म्हटल्यावर ते पहिल्या बैठकीला हवेत. सहीपुरते बोलावलेला माणूस अडचणच काढणार, आणि काकांनी काढलेली अडचण तर रास्त होती.

चेव्हनिंगचे तास एक वर्ष आधी मोजले असते, तर सायलीने अर्जच वर्षभर पुढे ढकलला असता आणि २०२३ साठी दोन्हीकडे एकत्र प्रयत्न केले असते. हे तिचे स्वतःचे मत. मला त्याबद्दल खात्री नाही. चोविसाव्या वर्षी एक वर्ष थांबणे तिला आज वाटते तितके सोपे गेले नसते.

आणि रुरकी. तिच्याच यादीत सगळ्यात वर असलेल्या नावावर आम्ही दहा मिनिटेही बोललो नाही.

गेल्या महिन्यात ओंकारचा फोन आला. त्याला कॅनडाचे पत्र आले आहे, शिष्यवृत्ती अर्धी. ‘पप्पा म्हणालेत तुमच्याकडं जाऊन ये.’ रविवारी या म्हटले, काकांना घेऊन. आणि येताना व्हॅल्युअरचा तो जुना अहवाल शोधून आणा. घर त्यांनी यंदा रंगवले आहे. आजीच्या रेघेभोवती रंगाऱ्याने वीतभर पट्टा कोरा सोडला आहे.